ताकानं धुतलेला महाल

धारला आमच्या आळीत मांडूला जाऊन आलेल्या बायका पुष्कळ होत्या. मांडू पाहिलेली मात्र एकही नव्हती. जायच्या त्या रेवाकुंडावर. त्या कुंडाच्या पाण्यात नर्मदा आहे, तिथं बुडी मारली की नर्मदास्नानाचं पुण्य, म्हणून पर्वणीला गाड्या जुंपायच्या, बुडी मारायची, ओल्या लुगड्यांचे पिळे घेऊन गाडीत बसायचं आणि थेट घरी. मी विचारायची, "वाटेत काय काय होतं?" तर म्हणायच्या, "काय असायचंय? पडक्या भिंती नि माकडं." मला ह्या उत्तराचा असा संताप यायचा! अहो, अकरा कोस जायचं, अकरा कोस यायचं, आणि डोळे काय घरी फडताळात ठेवून जायचं?

मी लहानपणापासून अशीच. विधवा आत्या आमच्याकडे असायची, ती मला भोचकभवानी म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

गंमत अशी की मांडूच्या किल्ल्या आमच्याच घरात होत्या. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा दरबारच्या बांधकामाकडे कारकून, आणि मांडूतल्या काही जुन्या इमारतींची देखरेख त्यांच्याकडे. दर पंधरवड्याला घोड्यावर जायचे. दारं, कुलपं, गळती, छपरावर उगवलेलं गवत सगळं तपासून यायचे. लोखंडी कडीत ओवलेला किल्ल्यांचा जुडगा देवघराबाहेरच्या खुंटीला टांगलेला असे.

"दादा, ह्या मोठ्या किल्लीनं काय उघडतं?"

"दार."

"दाराच्या आत काय आहे?"

"खोली."

"आणि खोलीत?"

"वटवाघळं. जा आता, परवचा म्हण."

बारा वर्षं मांडूला जाणाऱ्या माणसाकडून मला एवढंच कळलं होतं.

आई देवासची. त्या एकाच गावात दोन राजे, रस्त्याच्या अलीकडे एकाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. त्यामुळं कोणापुढं काय बोलायचं हे देवासची माणसं जन्मतःच शिकून येतात, असं दादा चेष्टेनं म्हणायचे. "आणि धारची माणसं मरेपर्यंत शिकत नाहीत," असं आई ताबडतोब म्हणायची. ही चेष्टा पुढं खरी झाली, म्हणून इथं सांगितली.

मी अकरा वर्षांची असतानाची गोष्ट. माघात हुकूम आला की बडे पाहुणे मांडू पाहायला येणार आहेत, तलावाकाठचा लहान महाल नीटनेटका करून ठेवावा. दादांनी काय केलं? आमच्यातल्या कोणीही केलं असतं तेच. चुना! घरात सण आला, लग्न ठरलं, व्याही यायचे झाले, की आधी भिंतींना चुना आणि खाली वीतभर गेरूचा पट्टा. पाहुणा आला आणि भिंत पांढरी नसली, तर त्या घरात काही बिनसलंय असं समजायचं. महालाच्या दालनात तर वर्षानुवर्षं गुराख्यांनी चुली पेटवलेल्या. भिंती तव्याच्या बुडासारख्या काळ्या.

मांडूच्या वाटेवरल्या नालछ्याचा एक म्हातारा मिस्त्री दादांच्या हाताखाली होता, माळवी बोलायचा. त्यानं भिंतीवरून हात फिरवून सांगितलं, "रावसाब, इके नीचे कंई तो हे." खाली काहीतरी आहे. दादा म्हणाले, "काय असणार? काजळी. मार चुना." दोन हात चुना झाला, खाली गेरूचा सुंदर पट्टा ओढला गेला, आणि दादा घरी येऊन आईला म्हणाले, "असा लख्ख केलाय महाल, की सुलतान बघेल तर परत राहायला येईल."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, एका बुधवारी, दादा कचेरीतून आले ते पगडी न काढताच पाटावर बसले. आईनं ताट वाढलं. ते ताटाकडे बघेनात. खिशातून एक कागद काढून म्हणाले, "सोमवारी येताहेत."

"मग येऊ देत. महाल तर तयार आहे."

"पाहुणा जुन्या इमारतींचा जाणकार आहे. लिहिलंय, जुन्या पुस्तकांत वाचलं त्याप्रमाणे त्या दालनात भिंतीभर निळ्या झिलईच्या फरश्यांची पट्टी आहे, एवढी चांगली पट्टी दुसरीकडे नाही, तिचं चित्र काढायला येतोय." दादांनी कागदाची घडी घातली. "मी तिच्यावर चुना मारला."

आमचे पणजोबा फौजेबरोबर साताऱ्याकडून इकडे आले, ते इथलेच झाले. तिकडे आता आम्हांला ओळखणारंही कोणी उरलं नव्हतं. राहतं घर दरबारचं. नोकरी गेली की घर गेलं, आणि घर गेलं की जायचं कुठं? अकरा वर्षांच्या मुलीलाही हे कळत होतं.

मजूर लावून चुना खरवडावा, तर तेही नव्हते. होळीआधीचे दिवस, सगळे भिल्ल मजूर भगोरियाच्या हाटाला, त्यांच्या होळीच्या जत्रेला, गेलेले, होळी झाल्याशिवाय एकजण परतायचा नाही. धारहून माणसं न्यावीत तर कचेरीत सांगायला हवं, आणि कचेरीत सांगितलं की संपलंच.

आई उभीच होती. तिनं विचारलं, "चुना किती दिवसांचा?"

"आठ-दहा."

"मग निघेल."

"कशानं निघेल?"

"दिवाळीला देवघरातल्या दगडावर चुना सांडतो, तो कशानं निघतो?"

दादांना माहीत नव्हतं. "अहो, इतकी वर्षं त्याच दगडासमोर बसून पूजा करताय!" आई म्हणाली. "ताकानं. चार दिवसांच्या आंबट ताकानं. वर काथ्यानं हलकं घासायचं. मी येते."

"तुम्ही? बायकामाणसांनी महाल धुवायचा? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, रेवाकुंडावर चाललोय."

देवासचं पाणी ते असं! आत्या मात्र बिथरली. "मेलेल्या सुलतानांच्या भिंती घासायला मी नाही येणार!" मग जरा थांबून, "पण कुंडावर खरंच जायचंय ना?"

"खरंच जायचंय, वन्सं."

"मग येते. पण ताक मी बघून घेईन. वहिनीच्या ताकात पाणीच फार."

त्या रात्री आळीभर आंबट ताक गोळा झालं. एवढं कशाला म्हणून जी ती विचारी. आत्या चेहरा गंभीर करून "उद्यापन आहे" म्हणे. कसलं उद्यापन ते विचारायची कोणाची छाती नव्हती. मला घरीच ठेवायचं चाललं होतं. मी किल्ल्यांच्या जुडग्याला दोन्ही हातांनी धरून बसले आणि सांगितलं की किल्ल्या हव्या असतील तर मला न्यावं लागेल. एरवी पाठीत धपाटा मिळाला असता. त्या दिवशी भांडायला कोणाकडे वेळ नव्हता.

गुरुवारी उजाडताच बैलगाडी निघाली. ताकाच्या घागरी आणि मडकी पेंढ्यात बसवलेली, तरी प्रत्येक खड्ड्याला डचमळून आमची लुगडी भिजत. नालछ्याला मिस्त्रीला गाडीत घेतलं. त्याला सगळं कळलं तेव्हा त्यानं नुसता कपाळाला हात लावला.

नालछ्याच्या पुढं माझी मान जी भिरभिरायला लागली ती थांबेचना. रस्त्याच्या कडेला एकदम खोल दरी, तिच्याकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. मग एकामागून एक दरवाजे. मी ओरडायची, "हा कोणी बांधला? ह्याला कवाडं का नाहीत?" मिस्त्री जमेल तेवढं सांगायचा. आणि ती झाडं! खुरासानी इमली म्हणतात तिकडे. खोड असं फुगलेलं की आमचे बैल गाडीसकट मागं लपले असते. आत्या डोळे मिटून जप करत होती. एका झाडापाशी तिनं एक डोळा उघडला. "हे काय ग?" म्हणाली. पुढं तिचा जप काही सरळ चालला नाही.

रामाच्या देवळाच्या ओवरीत मुक्काम केला आणि शुक्रवारी सकाळी महालात गेलो. मोठ्या किल्लीनं दार उघडलं. वटवाघळं नव्हती. आई उंबऱ्यात उभी राहिली, भिंतींकडे बघितलं, आणि तिला हसूच आवरेना. "अहो, हे तर आपलं माजघर!" खरंच, तोच चुना, तोच गेरू. दादा हसले नाहीत.

जुन्या लुगड्यांचे बोळे ताकात बुडवून आम्ही भिंतीला लावत होतो. चुना भिजून फुगला की काथ्यानं घासायचं. आईनं विटकरीची पूड आणली होती. मिस्त्रीनं ती बाहेर फेकायला लावली, झिलईवर ओरखडे पडतील म्हणून. चुना गेला की खाली काजळी, काजळी गेली की पुन्हा काजळी. दुपारपर्यंत हात आंबून गेले आणि भिंत नुसती ओली करडी. दादा शिडीवर, अंगात बंडी. आणि मग माझ्या बोळ्याखाली नखाएवढं काहीतरी चमकलं.

"निळं!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची पारवी उडाली.

मोरचुदाचा असतो ना, तसा निळा. दादा शिडीवरून कसे उतरले देव जाणे. त्यांनी त्या नखाएवढ्या निळ्यावर बोट ठेवलं आणि उभे राहिले. मिस्त्री मागून म्हणाला, "म्हने तो कियो थो, भिया." मी तर सांगितलं होतं, भाऊ. सकाळपर्यंत तो त्यांना रावसाब म्हणत होता. दादांनी मान हलवली.

शनिवारी दुपारी ताक संपलं. भिंत अजून अर्धी. आई डोक्याला हात लावून बसली, तर मिस्त्री कुठूनसा खुरासानी इमलीची वाळलेली फळं पोत्यात घालून घेऊन आला. दुधीएवढं फळ, वरून मखमल, फोडलं की आत पांढरा आंबट गर. तो पाण्यात कोळून लावला, तर ताकाहून बरा! आत्या गर चाखून म्हणाली, "ह्याची आमटी चांगली होईल." त्या निळ्यापुढं जप कधी थांबला हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. मला म्हणे, "भोचके, इकडे ये, ही पाकळी बघ, किती नाजूक आहे."

मला वाटतं, एखादी जागा बघायची तर ती अशीच बघावी. लांबून बघणाऱ्याला निळी पट्टी दिसते. घासणाऱ्याला कळतं की निळ्यात पिवळा ठिपका आहे, प्रत्येक फरशीवर एक देठ आणि एक कळी आहे, कळ्या वर बघताहेत. माझ्या मनात प्रश्नांचं मोहोळ उठलं होतं. भट्टी कुठं होती? रंग कोण करत होतं? त्यांच्या मुली त्यांना प्रश्न विचारायच्या का?

रविवारी, उरलेला तुकडा घासताना, मला एक कळी खाली बघताना दिसली. आधी वाटलं माझीच मान वाकडी आहे. पण नाही. सगळ्या रांगेत ती एकच फरशी उलटी बसवलेली होती!

सगळे जमले. आत्या म्हणाली, "लावणाऱ्याचं लक्ष नव्हतं, मेल्याचं."

आई म्हणाली, "लक्षात आलं असेल हो. चुना वाळल्यावर आलं असेल. मग गप्प बसला असेल बिचारा, नोकरी होती त्याची."

दादा शिडीवर होते. त्यांचा हात थांबला. मग परत चालू झाला.

संध्याकाळी उजेड गेला, इमलीही संपली, आणि शेवटच्या कमानीआडचा एक हातभर कोपरा राहिला. पांढराशुभ्र, खाली गेरूचा पट्टा. आई म्हणाली, "तिथं जाजम टांगू." दादा म्हणाले, "बघू." पण सकाळी जाजम त्यांनीच टांगलं.

सोमवारी आम्ही बायका वरच्या मजल्यावर दगडी जाळीआड बसलो. पाहुणे आले. साहेब काडीसारखा, हातात छत्री, काखेत चित्राची पाटी. बरोबर दरबारचे एक मोठे अंमलदार आणि दुभाष्या. साहेबानं त्या निळ्याला नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन बघितलं. रांगेनं चालत गेला, उलट्या फरशीपाशी थांबला आणि खुदकन हसला. मला तो माणूस तेव्हाच आवडला. मग चालत चालत कोपऱ्यापाशी गेला आणि छत्रीच्या टोकानं जाजम उचललं.

साहेबानं विचारलं, हे काय? दुभाष्यानं सांगायच्या आत अंमलदार बोलले, "मिस्त्रीचा गाढवपणा, साहेब. आजच त्याला काढून टाकतो."

मिस्त्री खांबापाशी उभा होता. त्यानं वर बघितलं नाही. आत्यानं माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली.

"नाही," दादा म्हणाले. मी त्यांचा एवढा मोठा आवाज घरी कधी ऐकला नव्हता. "मिस्त्रीनं मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चुना मी मारायला लावला. सगळ्या भिंतीला मारला होता. हा कोपरा काढायचा राहिला."

जाळीआड आई पुटपुटली, "गेलं सगळं." आणि लगेच, त्याच दमात, "बरं केलं."

साहेब रागावला की नाही, ते मला तोंडावरून कळलं नाही. त्यानं फक्त विचारलं, चुना काढला कशानं? दादांनी सांगितलं, ताकानं आणि ह्या झाडाच्या फळानं. कोणी काढला? "घरच्या मंडळींनी." साहेबानं 'ताक' हा शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि वहीत लिहिला. जाताना म्हणाला, हा कोपरा असाच राहू द्या, काय झालं होतं ते लोकांना कळेल. अंमलदारांचं तोंड मात्र गेरूसारखं झालं होतं.

मिस्त्रीची नोकरी राहिली. परतीच्या आधी आम्ही रेवाकुंडावर बुडी मारून आलो, कारण आत्याला खोटं बोलल्याचं पाप नको होतं.

पंधरा दिवसांत शिपाई आला आणि खुंटीवरचा जुडगा घेऊन गेला. दादांना धान्याच्या कोठारावर नेमलं. घर राहिलं, पोटाला कमी पडलं नाही. पण माणसाचा मान गेला तो गेलाच. कचेरीतले लोक त्यांना बघून "काय, चुना कसा काय?" असं विचारायचे. तसं कोणी विचारलं की त्या दिवशी दादा जेवायचे नाहीत. रिकाम्या खुंटीला आईनं दुसरं काही टांगलं नाही.

पुढच्या थंडीत एक दिवस दादाच म्हणाले, "चला, मांडूला जाऊ."

आत्या म्हणाली, "कसली पर्वणी आहे?"

"पर्वणी नाही. बघायला."

बघायला म्हणून मांडूला जाणारं आमच्या आळीतलं ते पहिलं घर. महालाच्या दाराशी दादा नव्या कारकुनाची वाट बघत पायरीवर बसून राहिले. त्यानं दार उघडलं, तेव्हा दादांनी आधी आम्हांला आत सोडलं आणि मग स्वतः आले. निळ्या पट्टीसमोर कितीतरी वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "बारा वर्षं मी इथली कुलपंच तपासली ग." आणि त्यांनी मला विचारलं, हो, त्यांनी मला, "ती उलटी कळी कुठली ती दाखव बघू."

त्यानंतर वर्षाआड तरी जायचोच. मी लग्न होऊन देवासला आले आणि तिथंही सगळ्यांना हा नाद लावला. सासरच्या बायका विचारायच्या, "तिथं देव कोणता?" मी म्हणायची, "देव नाही, माणसं. मेलेली." मग नाकं मुरडत यायच्या, आणि परतताना माझ्याहून जास्त प्रश्न विचारायच्या. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या आधीही इथं कोणी सकाळी उठून कामाला लागत होतं, हे पोथीत वाचून पटत नाही. भिंतीला हात लावला की पटतं.

अगदी अलीकडे, गुडघे कुरकुरत असताना, नातवंडांना घेऊन गेले. दादा, आई, आत्या, मिस्त्री, सगळे कधीच गेले. आता तिथं माहिती सांगणारी माणसं असतात. आमचा चांगला पन्नाशीचा, मोठ्या मिशांचा. उलट्या फरशीपाशी थांबून म्हणाला, "ये बादशाह ने जानबूझकर उल्टी लगवाई, कि महल को नज़र न लगे." मग कमानीआड नेलं. कोपऱ्यातला पांढरा पिवळा पडला होता, गेरू मात्र तसाच. "और ये लाल पट्टी, असली सुलतानी रंग. ऐसा रंग अब नहीं बनता."

नातवंडं आ वासून बघत होती. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. ज्या पट्ट्यापायी दादांच्या किल्ल्या गेल्या, तो सुलतानाचा झाला होता. राहू द्यावा की! कोणाचं काय जातंय? आणि मग मला त्या दालनातला दादांचा तो आवाज आठवला, आणि माझाच मला राग आला.

"भिया," मी म्हटलं, "वो पट्टी सुलतान की नहीं है. मेरे पिताजी ने लगवाई थी. गलती से. सबके सामने कबूल भी किया था, इसी जगह खड़े होकर."

तो चपापला. मग हसून हळूच म्हणाला, "माताजी, अब ये किसको पता है!"

"म्हणूनच तर सांगतेय," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, पण त्याला कळलं.

त्यानं गेरूकडे जरा वाकून बघितलं. मग मागं वळून त्या निळ्या रांगेकडे बोट केलं. "और वो उल्टी वाली? वो किसकी गलती है?"

"ते मला नाही माहीत," मी म्हटलं. "ज्यानं लावली, त्यानं सांगितलं नाही."